शेअरवेअर कंपायलर घ्यावा की सरळ विकतचा?

सी या प्रोग्रामिंग भाषेत एक हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितोय, पुढे विकायचा विचार आहे. एक शेअरवेअर (आधी वापरून बघा, मग पैसे भरा असा) कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, ३० दिवस वापरून बघितला, आवडला, पण मुदत संपल्यावर पैसे भरायचे की त्यापेक्षा मोठा कमर्शियल घ्यायचा हेच ठरत नाहीये. कोणी वापरलंय का?

प्रतिसाद १:
आधी लायसन्स नीट वाच. ट्रायलमध्ये बनवलेली एक्झी (तयार प्रोग्रामची फाइल) विकायला बऱ्याचदा परवानगी नसते. मी एका छोट्या शेअरवेअरवर दोन वर्षं काम केलं आणि मग बनवणाऱ्याने अपडेटच थांबवले, नवीन ओएसवर काही चालेना, सगळा कोड दुसरीकडे न्यायला महिना गेला. तेव्हापासून मी स्टँडर्ड सी सोडून कुठल्याही कंपायलरचं खास एक्स्टेन्शन (त्याच्यापुरती जादा सोय) वापरत नाही.

प्रतिसाद २:
अरे पण दोन्ही कशाला? जीसीसी हा कंपायलर १९८७ पासून आहे, फुकट आहे, आणि त्याने कंपाइल केलेला तुझा प्रोग्राम सोर्स कोड न देता विकता येतो, कारण जीपीएल (सोर्स कोड द्यायला लावणारं लायसन्स) कंपायलरला लागू आहे, आणि त्याच्या रनटाइम लायब्ररीला (तुझ्या प्रोग्रामला जोडला जाणारा त्याचा कोड) वेगळी सूट दिलेली आहे. फक्त बाकीच्या लायब्रऱ्यांची लायसन्सं तपास. क्लँग हा दुसरा फुकट कंपायलर पण बघ, त्याचे एरर मेसेज वाचायला छान असतात.

प्रतिसाद ३:
विकतचा लागतो तो गाडी किंवा मेडिकल उपकरणाच्या कोडला, तिथे बऱ्याचदा सर्टिफाइड कंपायलर आणि सपोर्ट हवा असतो. हिशोबाला कशाला एवढा खर्च!

मूळ प्रश्नकर्ता:
जीसीसी टाकला, तीन वॉर्निंग आल्या आणि त्यातली एक खरंच बग निघाली. मनापासून आभार.