जिम जार्मुश यांचे चित्रपट: आपले अनुभव लिहा

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ॲक्रन परिसरात १९५३ साली जन्मलेले जिम जार्मुश चार दशकांहून अधिक काळ मोठ्या स्टुडिओंच्या चौकटीबाहेर राहून चित्रपट करत आहेत. 'फादर मदर सिस्टर ब्रदर' या त्यांच्या चित्रपटाला २०२५ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्या निमित्ताने हा धागा काढला आहे. कथानकाचा गोषवारा नको. त्यांचा एखादा चित्रपट पाहताना काय जाणवले आणि कशामुळे जाणवले, हे कृपया सविस्तर लिहावे.

मुंबईतील एक संकलक

संकलन शिकत असताना 'स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज' (१९८४) पाहिला आणि शॉट कुठे तोडायचा नाही, हाही अभ्यासाचा विषय आहे, हे पहिल्यांदा लख्खपणे कळले. चित्रपटाचा पहिला भाग जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्या एका चित्रपटातून उरलेल्या फिल्मवर चित्रित झाला होता. प्रत्येक प्रसंग एकाच सलग शॉटमध्ये घडतो आणि दोन प्रसंगांच्या मध्ये काही क्षण पडदा पूर्ण काळा होतो. बुडापेस्टहून आलेली इव्हा, न्यूयॉर्कमध्ये राहणारा तिचा नात्यातला भाऊ विली आणि त्याचा मित्र एडी यांच्यात म्हणावे असे काही घडत नाही. जेवण होते, टीव्ही पाहिला जातो, पत्ते मांडले जातात. पुढे क्लीव्हलंडला ही मंडळी गोठलेले ईरी सरोवर पाहायला जातात, तर समोर नुसता पांढरेपणा. तिथे शॉट तोडून चेहऱ्यांकडे वळण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला आहे, त्यामुळे त्यांच्या अवघडलेपणातला वेळ आपल्यालाही तेवढाच सोसावा लागतो. मग पडदा काळा होतो, मागचा प्रसंग मनात पुन्हा उलगडतो आणि कुणीच न बोललेली गोष्ट तेव्हा उमगते. साधनांच्या तुटवड्यातून अशी शैली घडवता येते, या जाणिवेने मला त्या काळात फार बळ दिले.

न्यू जर्सीत राहणारी एक वाचक

आमच्याच राज्यातल्या पॅटरसन गावाच्या नावाचा चित्रपट (२०१६) म्हणून मी तो पाहायला गेले. त्यातला बसचालकही पॅटरसन याच नावाचा आहे आणि तो रोज वहीत कविता लिहितो. त्या कविता अमेरिकन कवी रॉन पॅजेट यांच्या आहेत. ओळी पडद्यावर हस्ताक्षरात उमटत जातात आणि चालकाचा आवाज अडखळत, शब्द चाचपडत त्या म्हणतो. लिहिणाऱ्याच्या मनातली ही चलबिचल मी याआधी पडद्यावर पाहिली नव्हती. बसमध्ये दोन विद्यार्थी गाएतानो ब्रेशी या इटालियन विणकराबद्दल बोलतात. त्याने याच गावात राहून, पुढे १९०० साली इटलीच्या राजाला ठार केले होते. पॅटरसन हे रेशीम गिरण्यांचे शहर होते आणि १९१३ चा तिथला कामगारांचा संप प्रसिद्ध आहे, म्हणून मला साहजिकच गिरणगाव आणि नारायण सुर्वे आठवले. सुर्व्यांची कविता कामगाराच्या जगण्याचा जाब मागते. या चालकाची कविता काड्यापेटीवर रेंगाळते, आणि तरीही कष्टकऱ्याच्या मनाला तितक्याच आदराने वागवते.

नागपूरहून

'द लिमिट्स ऑफ कंट्रोल' (२००९) मात्र मला कोरडा वाटला. संथपणा तोच आहे, पण माणसांची ऊब त्यात नाही.

पुण्यातील एक गिटारवादक

'डेड मॅन'चे (१९९५) संगीत रॉक गायक-गिटारवादक नील यंग यांनी चित्रपट समोर पाहत, बहुतांशी एकट्या इलेक्ट्रिक गिटारवर उत्स्फूर्तपणे वाजवले. रॉबी म्युलर यांच्या कृष्णधवल चित्रणात जंगल, नदी आणि मरणाकडे निघालेला नायक विल्यम ब्लेक दिसत राहतो, तेव्हा ती गिटार भावना समजावून सांगत बसत नाही. एखादा स्वर लांबतो, चिरकतो आणि बराच वेळ शांतता राहते. वाजवणाऱ्याला इतकी मोकळीक देण्यासाठी दिग्दर्शकाच्या हाती अधिकार असावे लागतात. जार्मुश आपल्या चित्रपटांच्या निगेटिव्हची, म्हणजे मूळ फिल्मची, मालकी स्वतःकडे ठेवतात. या चित्रपटात वितरकाला काटछाट हवी होती, ती त्यांनी नाकारली, म्हणून त्या लांबलेल्या स्वरांसह तो आज आपल्याला ऐकता येतो.