मदत हवी आहे: जीपची बॅटरी मागे नेली, आता अल्टरनेटरची वायर कुठे जोडू?

नमस्कार मंडळी,

वडिलांची महिंद्रा एमएम ५४० आहे, एक्सडीपी डिझेल इंजिनाची. बॉनेटखालच्या उष्णतेने बॅटरीचं पाणी सारखं आटायचं, म्हणून गेल्या महिन्यात बॅटरी ड्रायव्हर सीटच्या मागे बसवली. सेल्फसाठी, म्हणजे स्टार्टर मोटरसाठी, ३५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल टाकली, साडेचार मीटर लागली. सेल्फ पहिल्या झटक्यात लागतो. अडचण आहे ती चार्जिंगची.

वायरमनने अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) बी प्लसवरून, म्हणजे वीज बाहेर येते त्या बोल्टवरून, ६ स्क्वेअरची वेगळी वायर थेट मागच्या बॅटरीपर्यंत नेली. फ्यूज बॉक्सची वायरही बॅटरीवरूनच पुन्हा पुढे आणली. मायनस मागे टपाच्या, म्हणजे बॉडीच्या, बोल्टला. अल्टरनेटरच्या वायरला फ्यूज नाही.

परवा रात्री पावसात वरंध घाट उतरताना हेडलाइट पिवळे पडले. वळणावर कडा नीट दिसेना. आईवडील गाडीत होते, फार घाबरलो. घरी येऊन मीटर लावला: हेडलाइट आणि वायपर चालू असताना अल्टरनेटरवर १४.३ व्होल्ट, बॅटरीवर १३.६.

बी प्लसला मागेपर्यंत जाड केबल टाकू, की पुढेच सेल्फच्या बोल्टला जोडून चालेल? आणि फ्यूज कुठे घालू?

प्रतिसाद १

अल्टरनेटर शाबूत आहे, त्याला हात लावू नका. ०.७ व्होल्ट वाटेत मरतायत. ६ स्क्वेअर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण २.९ मिलिओहम, साडेचार मीटरला १३. तीस अँपिअर गेले की ०.४ व्होल्ट तिथेच गेले. वर दिव्यांचा करंट आधी मागे जातो आणि मग परत पुढे येतो, हा हेलपाटा कशाला?

सेल्फच्या ज्या बोल्टला बॅटरीची जाड केबल येते, त्याच बोल्टला बी प्लस आणा. १६ स्क्वेअरचा हातभर तुकडा पुरेल. फ्यूज बॉक्सची फीडही तिथूनच, फ्यूज घालून. मग दिवे अल्टरनेटरकडून थेट घेतील आणि बॅटरीला जाणारा करंट ३५ स्क्वेअरमधून जाईल. तीसच्या तीस अँपिअर गेले तरी ०.०७ व्होल्टच पडतील.

उरलेले ०.३ मला मायनसला दिसतात. टप चासीवर रबरावर बसलेला असतो, मागच्या बोल्टवर भरवसा ठेवू नका. इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर लावा आणि आकडा सांगा.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. फ्यूजबद्दल माझं मत ठाम आहे: तो बॅटरीजवळ, वीतभर अंतरात हवा. वायर घासून चासीला टेकली तर शेकडो अँपिअर बॅटरी ओतते, अल्टरनेटर नाही. माझ्या टेम्पोत पत्र्याच्या धारेवर केबल घासून इन्सुलेशन वितळलं होतं, नशिबाने मी शेजारीच उभा होतो. आता ती बिनफ्यूजची ६ स्क्वेअर तर आधी काढून टाका. डिझेलचा सेल्फ सुरुवातीला खूप ओढतो, म्हणून मुख्य केबलला बोल्टने बसणारा मोठाच फ्यूज लागेल. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) घाला, बाकी लांबीवर होजपाइप चढवा.

बॅटरी तोडणारा मेन स्विच बसवणार असाल तर इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नका. बॅटरी एकदम तुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि डायोड जातात.

बॅटरी साधी पाण्याची असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. सीटमागे झाकणाचा डबा करा, नळी गाडीबाहेर सोडा, आणि डबा बोल्टने आवळा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मोजलं: प्लसच्या बाजूला ०.४१, मायनसच्या बाजूला ०.२८. दादांचा अंदाज तंतोतंत.

रविवारी दिवसभर बसलो. बी प्लस सेल्फच्या बोल्टला आणला, ६ स्क्वेअर काढली, मायनससाठी ३५ स्क्वेअरची दुसरी केबल थेट गिअरबॉक्सच्या बोल्टवर नेली आणि तिथून चासीलाही पट्टी दिली. बोल्टखालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून काढला. आता सगळे दिवे लावून अल्टरनेटरवर १४.३, बॅटरीवर १४.१५. मोठा फ्यूज पुण्याहून मागवलाय. तो बसेपर्यंत गाडी उभी असताना बॅटरीची प्लस केबल काढून ठेवतो, आणि घाटात नेत नाही.