सेन्सरचा आकडा आणि साठलेला अमोनिया

डिझेल ट्रकच्या धुरातला नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) एससीआर नावाच्या कॅटॅलिस्टमध्ये साठलेल्या अमोनियाने मोडला जातो. म्हणून असं म्हटलं जातं की आत शिरलेला आणि बाहेर पडलेला नॉक्स मोजून वजाबाकी केली की एससीआरमधला अमोनियाचा साठा कळतो. कागदावर बरोबर आहे, पण चूक बेरजेत चढत जाते. तासाला 600 किलो धूर, 500 पीपीएम नॉक्स आणि एससीआरच्या आधी बसवलेल्या सेन्सरची फक्त 5 टक्के चूक धरली, तरी तासाभरात हिशेब सुमारे 9 ग्रॅम अमोनियाने घसरतो.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे एससीआरच्या नंतरचा नॉक्स सेन्सर अमोनियालाही नॉक्सच समजतो. चिंचोळी एमआयडीसीत ट्रक बराच वेळ आयडलिंगवर उभा राहिला, की थंड कॅटॅलिस्टमध्ये आधी घातलेला साठा तसाच टिकून राहतो. मग भरलेल्या गाडीने तुळजापूरचा घाट चढताना धुराचं तापमान वाढतं, साठवणक्षमता घटते आणि तो अमोनिया सुटतो. सेन्सरचा आकडा चढला म्हणून ईसीयूने (इंजिनच्या कंट्रोल संगणकाने) आणखी डीईएफ (अमोनिया देणारं युरियाचं द्रावण) मारलं, तर आगीत तेलच. त्यामुळे साठ्याच्या अंदाजासाठी काल्मन फिल्टर (हिशेबाचा अंदाज आणि सेन्सरचा आकडा कमी-जास्त वजन देऊन जुळवणारी गणिती पद्धत) लावताना या सेन्सरवर सरसकट भरवसा नको. तापमान झपाट्याने चढत असेल तेव्हा त्याचं वजन कमी करा, आणि अंदाजाला त्या तापमानाच्या क्षमतेची कमाल मर्यादा घाला.

खरं-खोटं करायचं तर इंजिनचा लोड स्थिर ठेवून डीईएफ थोडा वेळ बंद करा. आकडा आधी उतरला तर तो अमोनिया होता, लगेच चढू लागला तर नॉक्स. साठा पूर्ण रिकामा झाला की हिशेब शून्यावर आणायची हीच संधी.