मदत हवी आहे: डिस्क सरकलेल्या पेशंटला मालिश करताना कसं झोपवायचं?

नमस्कार मंडळी, मी दापोलीत मसाजचं काम करते, हर्णै बंदरावरचे खलाशी बरेच येतात, जाळी ओढून आणि मासळीचे टब उचलून कंबर पार धरलेली असते. सध्या एक काका येतायत, एमआरआयमध्ये एल४-एल५ ची डिस्क, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी, बाहेर आलेली दिसतेय आणि कुल्ल्यापासून पोटरीवरून पार अंगठ्यापर्यंत कळ जाते. डॉक्टर म्हणाले हलका मसाज चालेल, बस एवढंच. मणक्यावर मी दाब देतच नाही, पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवते आणि बाजूचे स्नायू हळूहळू मोकळे करते, पण तसं झोपलं की त्यांची कळ वाढते, पायाचा अंगठा आखडून घेतात बिचारे. मग कुशीवर घेऊन गुडघ्यांमध्ये उशी दिली तर चालेल का, आणि दुखरा पाय वर ठेवायचा की खाली? लघवी अडली किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला तर मालिश वगैरे काही नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं, हे काकूंना बजावून ठेवलंय. घरचे मात्र कुणाकडून तरी कंबर कडकन मोडून घ्यायच्या मागे लागलेत, मला फार भीती वाटते त्याची, त्यांना कसं समजावू? कोणी फिजिओ असाल तर प्लीज सांगा, काका परवा परत येणारेत.