रेल्वे ‘दिली’ म्हणजे नेमकं काय?
‘काही म्हणा, इंग्रजांनी रेल्वे तरी दिली’ असं पुष्कळदा ऐकू येतं. गाडी त्यातल्या ‘दिली’वर अडते. मुंबईहून रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) कंपनीचा सरकारशी झालेला १८४९चा करार बघा: भांडवल बहुतांश विलायतेतल्या भागधारकांचं, जमीन सरकारकडून फुकट, वर ५ टक्के परताव्याची हमी. नफा कमी पडला की फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे बराचसा शेतसाऱ्यातून. खर्च कितीही फुगला तरी भागधारकाला झळ नाही. मग काटकसर करणार कोण?

बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ला खुला झाला. २५ बोगदे, काही ठिकाणी चढ ३७ला १, म्हणजे ३७ फुटांमागे १ फूट. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, तडीस नेलं. तिचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण पटकी, ताप आणि सुरुंगांनी गेलेल्या हजारो मजुरांची संख्यासुद्धा आज अंदाजानंच सांगावी लागते.

‘सगळी लूटच’ म्हणणाऱ्यांचंही अर्धंच खरं. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभॉय १८४५पासून रेल्वेसाठी खटपट करत होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांना ती हवीच होती.