तीन तज्ज्ञ, एक प्रश्न, तीन उत्तरे: डिस्काउंट रेट विद्यार्थ्यांना कसा समजावावा?

पायवाट (प्रश्न)

आमच्या महाविद्यालयात नुकताच व्यवस्थापन, अर्थशास्त्र आणि शाश्वत विकास या विषयांतील संशोधनावर एक परिसंवाद झाला. तिन्ही वक्ते आपापल्या विषयातले जाणकार होते आणि हवामानबदलाच्या विज्ञानाबद्दल त्यांच्यात काडीचाही मतभेद नव्हता. तरीही 'कार्बन उत्सर्जन घटवण्यासाठी आज मोठा खर्च करावा का' या प्रश्नाला तिघांनी तीन उत्तरे दिली. व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांच्या मते बहुतेक कंपन्यांच्या हिशेबात तो खर्च बसत नाही, अर्थतज्ज्ञांच्या मते तो सावकाश वाढवत न्यावा, तर पर्यावरण-संशोधकांच्या मते उशीर हाच सर्वांत महाग पर्याय आहे. तिघांनीही 'डिस्काउंट रेट'चा, म्हणजे भविष्यातल्या रुपयाचे आजचे मूल्य काढताना तो दरवर्षी किती टक्क्यांनी कमी मोजायचा त्या दराचा, उल्लेख केला, पण आपण कोणता दर धरला हे एकानेही सांगितले नाही. मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकवतो. तज्ज्ञांचेच जुळत नसेल तर आम्ही कोणाचे खरे मानायचे, असे विद्यार्थी विचारत आहेत. त्यांना हे कसे समजावावे?

गोदाकाठ (उत्तर)

सुरुवात फळ्यावरच्या हिशेबाने करा. शंभर वर्षांनी होणारे 100 रुपयांचे नुकसान टाळण्यासाठी आज जास्तीत जास्त किती रुपये खर्च करणे योग्य ठरेल, एवढेच विचारा. वार्षिक दर 1.4 टक्के धरला तर उत्तर सुमारे 25 रुपये येते. 5 टक्के धरला तर 76 पैसे. नुकसान तेच, काळ तोच, आणि उत्तरात तीस पटींहून अधिक फरक. माझा अनुभव असा आहे की हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर केल्याशिवाय त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही.

तळटीप (उत्तर)

वरच्या हिशेबातला 1.4 टक्के हा दर ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांचा आहे. ब्रिटिश सरकारसाठी त्यांनी हवामानबदलाच्या अर्थकारणावर तयार केलेला अहवाल ऑक्टोबर 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच न केल्यास जगाच्या उत्पन्नाचे किमान 5 टक्के नुकसान कायमचे सोसावे लागेल, उलट ते टाळण्याचा खर्च वर्षाला सुमारे 1 टक्का येईल, असा त्याचा निष्कर्ष होता. येल विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी त्यावर घेतलेला मुख्य आक्षेप याच दरावर होता.

दर ठरतो तो केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक रॅम्सी यांच्या 1928 च्या मांडणीवरून, आणि त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पुढच्या पिढीचे सुख केवळ ती पुढची आहे म्हणून किती कमी मोजायचे, ही पहिली. स्टर्न यांनी त्यासाठी 0.1 टक्का धरला, तोही मानवजातच नष्ट होण्याच्या शक्यतेपोटी. नॉर्डहाउस यांनी बाजारातले व्याज आणि परतावा यांच्याशी मेळ बसावा म्हणून 1.5 टक्के धरला. दुसरी गोष्ट अशी की आपली नातवंडे आपल्याहून श्रीमंत असतील, तर त्यांच्या हाती आलेल्या जादा रुपयाला किती कमी महत्त्व द्यायचे. त्यासाठी एक गुणांक घेतात; त्याने उत्पन्नवाढीच्या दराला गुणून ते पहिल्या आकड्यात मिळवले की दर येतो, आणि गुणांक जितका मोठा तितके त्या रुपयाचे महत्त्व कमी. इथे स्टर्न यांनी 1 हा गुणांक घेतला आणि नॉर्डहाउस यांनी 2. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्ता यांची टीका लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या मुद्द्यावर ते स्टर्न यांच्या जवळचे, पण श्रीमंत-गरीब यांच्यातील न्यायाचा विचार करता 1 हा गुणांक फारच कमी आहे, असे त्यांचे म्हणणे.

म्हणजे वाद थर्मामीटरवरचा नाही. एक बाजू 'लोक प्रत्यक्षात कसे वागतात' हे पाहते, दुसरी 'कसे वागावे' हे. परिसंवादात ही बाजू उघडपणे सांगायला वक्ते बिचकतात, कारण ती सांगितली की आपण शास्त्र सोडून नीतिशास्त्रात शिरलो असे त्यांना वाटत असावे.

खतावणी (उत्तर)

व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांची बाजू मांडतो. कंपनी प्रकल्प तपासताना डिस्काउंट रेट म्हणून आपल्या भांडवलाचा खर्च लावते. उदाहरणादाखल तो 12 टक्के धरला, तर तीस वर्षांनंतरच्या 100 रुपयांचे आजचे मूल्य 3 रुपये 34 पैसे होते. कर्ज देणाऱ्या बँकेला आणि भागधारकांना परतावा द्यायचा असल्याने त्या दरात काही चूक नाही. चूक होते ती हाच दर समाजाच्या निर्णयाला लावला की. कंपनीचे हित कंपनीच्या दराने मोजावे, पण धुराचा त्रास सोसणाऱ्यांचे हित त्याच दराने मोजण्याचा अधिकार तिला कोणी दिला? भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला हे चांगले झाले, तथापि केवळ माहिती उघड केल्याने गुंतवणुकीच्या तक्त्यातला दर बदलत नाही.

पायवाट

दोन्ही बाजू स्पष्ट झाल्या. मात्र 'ज्याची त्याची नीती' म्हणून वर्ग सोडून देणे मला पटत नाही. संशोधकांमध्ये कुठेच सहमती नाही का?

तळटीप

आहे, आणि ती वाटते त्याहून बरीच आहे. अर्थतज्ज्ञ मॉरिट्झ ड्रुप आणि सहकाऱ्यांनी या विषयावर लिहिणाऱ्या सुमारे दोनशे तज्ज्ञांना दीर्घकालीन दर विचारला. तो अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यास बरोबर मधले) उत्तर 2 टक्के आले, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांना तो दर मान्य होण्याजोगा वाटला.

याखेरीज अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांचा युक्तिवाद वर्गात अवश्य घ्या. दर 1 टक्का असेल की 7 टक्के, हे ठाऊक नाही आणि दोन्ही शक्यता समान आहेत, असे समजा. सरासरी 4 टक्के धरण्याचा मोह होतो. पण सरासरी दरांची नव्हे, आजच्या मूल्यांची काढायची असते. शंभर वर्षांनंतरच्या 100 रुपयांसाठी ती मूल्ये 37 रुपये आणि सुमारे 12 पैसे येतात. त्यांची सरासरी साडेअठरा रुपये, म्हणजे प्रत्यक्ष दर जेमतेम 1.7 टक्के. दहा वर्षांसाठी हाच हिशेब केला तर दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहतो. अनिश्चितता जितकी दूरच्या काळातली, तितका दर खाली. सरकारी प्रकल्प तपासण्याच्या ब्रिटनच्या नियमावलीत पहिल्या तीस वर्षांसाठी 3.5 टक्के आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरता दर आहे, त्यामागे मुख्यतः हाच विचार आहे.

गोदाकाठ

एक पुरवणी. दरावर इतके लक्ष गेले की मुळात काय मोजले हा प्रश्न मागे पडतो. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली, ती 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. पाणीपट्टीपुरता हिशेब न ठेवता कालव्याने भागाच्या एकूण व्यवहारात काय भर पडली, हे त्यांनी तपासले. दुसरीकडे नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रात जमिनी चिबड (पाणथळ) आणि चोपण (क्षारयुक्त) होण्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीच उभा राहिला होता. तो खर्च कोणत्या रकान्यात मांडायचा? विद्यार्थ्यांना जवळच्या एखाद्या धरणाचा वा कारखान्याचा लाभ-खर्चाचा तक्ता द्या, त्यात राहून गेलेल्या बाबी आधी लिहायला सांगा, आणि मग तोच तक्ता 2, 5 आणि 12 टक्क्यांनी सोडवून घ्या. दोन तासिका पुरतील.