चालू इन्स्टन्सचं काय?

वर्कफ्लो इंजिन (अप्रूव्हलसारखी अनेक टप्प्यांची कामं चालवणारं सॉफ्टवेअर) कुठलं घ्यावं या चर्चेत एक मुद्दा आलाय: ड्रॅग-ड्रॉप डिझायनर असला की बिझनेसवाले स्वतःच फ्लो बदलतील, म्हणून बीपीएमएनवालंच (बीपीएमएन म्हणजे प्रक्रिया चौकोन-बाणांच्या चित्रात मांडायची प्रमाण पद्धत) इंजिन घ्या. तो मला अर्धाच पटतो. चित्र दाखवून चर्चा करायला बरं पडतं हे खरं, पण बाणांमागच्या सर्व्हिस कॉल, एरर हँडलिंग, टाइमर वगैरे शेवटी डेव्हलपरच लिहितो.

इथे कुणी काढलाच नाही तो प्रश्न म्हणजे फ्लो बदलल्यावर आधीपासून अडकून पडलेल्या इन्स्टन्सचं (म्हणजे त्या फ्लोवर सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या एकेका कामाचं) काय होतं. एखादं अप्रूव्हल महिनाभर कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून असतं आणि मधेच तुम्ही नवी स्टेप टाकता. कामुंडा या बीपीएमएनवाल्या इंजिनमध्ये जुने इन्स्टन्स जुन्याच व्हर्जनवर चालत राहतात, नव्यावर न्यायचे तर कुठली जुनी स्टेप कुठल्या नवीशी जुळते ते मायग्रेशन करताना सांगावं लागतं. टेम्पोरल या कोडमध्येच फ्लो लिहायच्या इंजिनचं गणित वेगळं, ते इव्हेंट हिस्टरी (आतापर्यंत काय काय घडलं त्याची नोंद) रिप्ले करून स्टेट परत उभी करतं, त्यामुळे कोडमधला क्रम पॅचिंग किंवा व्हर्जनिंग न करता बदललात तर नॉन-डिटर्मिनिझम एरर (कोड जुन्या नोंदीशी जुळत नाही अशी चूक) येऊन वर्कफ्लो तिथेच अडकतो. आणि हिस्टरीला मर्यादाही आहे, 51,200 इव्हेंट किंवा 50 एमबी, म्हणून लांबलचक वर्कफ्लोमध्ये कंटिन्यू-अ‍ॅज-न्यू, म्हणजे तोच वर्कफ्लो कोऱ्या हिस्टरीने पुढे सुरू करणं, वापरावंच लागतं (डेमोत हे कोण दाखवतंय!).

तेव्हा पीओसी (घेण्याआधीची छोटी चाचणी) करताना हॅपी पाथ, म्हणजे सगळं सुरळीत होणारा मार्ग, चालवून थांबू नका, अर्धवट अवस्थेतले इन्स्टन्स तसेच ठेवून नवं व्हर्जन डिप्लॉय करून बघा, आणि जो ऑन-कॉल (बिघाड झाला की धावून येणारा) असणार आहे त्यालाच ते सोडवायला बसवा.